वहीतली माहेरवाशीण

"शुक्रवारी सकाळी तुला निघावं लागेल हां ताई. नियम आहे," माझा धाकटा भाऊ उल्हास म्हणाला, तेव्हा रिक्षातून माझा एकच पाय बाहेर आला होता, दुसरा अजून आतच होता.

एप्रिल महिना, मंगळवार, दुपारचे चार. नऊ-दहा वर्षं झाली त्याला, पण ते वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. 'कशी आहेस' नाही, 'प्रवास झेपला का' नाही. थेट नियम!

माझं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "पुढचे बेचाळीस दिवस वजन उचलायचं नाही, जिने चढायचे नाहीत, पाण्याची बादलीसुद्धा हलवायची नाही." मी राहते डोंबिवलीला, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, आणि पाणी सकाळी पाऊण तास येतं, ते भरून ठेवायचं. आमचे हे जाऊन तेव्हा नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मग बाईमाणसाने अशा वेळी जायचं कुठे? माहेरी. म्हणून हॉस्पिटलातूनच उल्हासला फोन केला.

फोनवर त्याने मला सगळं नीट समजावलं होतं. आमच्या खारवेळच्या ग्रामसभेने ठराव केलाय म्हणे, गावातल्या कुठल्याही घरात बाहेरची माणसं वर्षाला साठ रात्रींच्या वर राहता कामा नयेत. समुद्रावर येणाऱ्या पर्यटकांना खोल्या देऊन देऊन गाव मेटाकुटीला आलंय. पंचायत फार कडक आहे.

"आपल्या सत्तावन्न रात्री संपल्या गं ताई. तीन शिल्लक आहेत. त्या मी तुझ्यासाठी राखून ठेवतो."

राखून ठेवतो! जणू स्वतःच्या ताटातली सुरमईची तुकडी काढून ठेवत होता माझ्यासाठी.

"अरे, पण मी बाहेरची का?" मी विचारलं.

"तुझं रेशनकार्ड डोंबिवलीचं ना?" तो म्हणाला.

आता मी तीस वर्षं शिधावाटप कार्यालयात नोकरी केलेली बाई. रेशनकार्डाचं नाव काढलं की माझं तोंड बंद. नियम म्हणजे नियम, हे मी जन्मभर काउंटरपलीकडच्या लोकांना ऐकवत आले. वर मीच त्याला म्हटलं, "असू दे रे, तीन तर तीन. पुढचं बघू." आणि त्याचे आभारही मानले. माझ्यासारखी बावळट मीच.

तर तीन रात्रींसाठी मी आले. आमचं जुनं कौलारू घर पाडून बांधलेला दुमजली बंगला मी पाच वर्षांनी बघत होते. समुद्राच्या अंगाला चार खोल्या, प्रत्येकीच्या दारावर रंगवलेली पाटी: शंख, शिंपला, गलबत, मासोळी. चारही रिकाम्या. कारण आठवड्याच्या मधल्या वारी पर्यटक येत नाहीत. मला वाटलं, यातली एखादी मिळेल. उल्हासने माझी पिशवी उचलली आणि चारही दारांवरून पुढे चालत गेला, स्वयंपाकघराच्या मागे. तिथे पाण्याचा पंप, सुक्या नारळांची पोती आणि एक खाट.

"इथे निवांत पडशील. तिकडे खारा वारा लागतो, टाक्यांना बरा नाही," तो म्हणाला.

खारा वारा टाक्यांना लागतो! ज्या वाऱ्यात आम्ही दोघं उघड्याबोडक्या अंगाने वाढलो, तो वारा. खरं कारण मला कळत होतं. मी तिथे झोपले असते तर चादर धुवावी लागली असती.

त्याची बायको शैला मागे उभी होती. ही बाई फार कमी बोलायची. लग्न होऊन आली तेव्हा बरी बोलायची, मग हळूहळू उल्हास दोघांच्या वाटचं बोलायला लागला. तिने मला वाकून नमस्कार केला, खाटेवर स्वतःची गोधडी अंथरली आणि म्हणाली, "वन्सं, पेज टाकते तुमच्यासाठी." तेवढंच. पण त्या घरात त्या दिवशी माझ्याशी माणसासारखं कुणी बोललं असेल तर ती.

बुधवारी सकाळी उल्हास मासळी आणायला धक्क्यावर गेला होता. मी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. फाटकात स्कूटर थांबली. पंचायतीचा कारकून बने, पन्नाशीचा, टकलू, काखेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली लांबलचक वही. मला बघितल्याबरोबर त्याने दोन्ही हात जोडले.

"कुमुदताई ना? देव पावला! खरंच आलात!"

"खरंच म्हणजे? खोटं कसं यायचं असतं?"

"तसं नाही हो. उद्या तालुक्याहून विस्तार अधिकारी बाई येतायत वही तपासायला. सगळ्या वहीत माहेरवाशिणींच्या सहीचा रकाना कोरा आहे. सरपंच काल जेवले नाहीत. आणि आज कळलं, विलणकरांची माहेरवाशीण खरोखरची आली! एवढ्या सह्या करून टाका. सतराच आहेत."

"सतरा सह्या? कसल्या?"

त्याने वही माझ्या मांडीवर ठेवायला हात पुढे केला. मी म्हटलं, "वजन नको रे बाबा, टाके आहेत." मग त्याने स्वतःच वही उघडून माझ्यापुढे धरली. पहिल्या पानावर ठराव चिकटवला होता. पहिलं कलम ओळखीचं, साठ रात्रींचं. दुसरं कलम मी दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

'घरच्या माहेरवाशिणी व त्यांचे कुटुंबीय यांना रात्रींची मर्यादा लागू नाही.'

"हे कुणी घातलं?" मी विचारलं.

"म्हाताऱ्यांनी!" बने म्हणाला. "ठराव चांगलाच होता हो ताई. दोन विहिरींचं गाव, या पर्यटकांच्या आंघोळींपायी मार्चातच तळ दिसायला लागला होता. साठ रात्री म्हटल्यावर सगळ्यांनी हात वर केले. तेवढ्यात खालच्या वाडीतल्या चार म्हाताऱ्या उठल्या. म्हणाल्या, मेल्यांनो, आता लेकी माहेरी आल्या तर त्यांच्याही रात्री मोजणार काय? सरपंच घाबरले, कलम घातलं. आणि मग…" तो हसला. "मग गावाचं लेकींवर प्रेम उतू गेलं. पलीकडच्या बंडूशेटला बहीण नाही, मुलगी नाही. त्याच्याकडे गेल्या वर्षात नऊ माहेरवाशिणी येऊन गेल्या. एक तर सरदारजी होती."

मी हसले नाही. माझ्या डोक्यात फोनवरचं वाक्य फिरत होतं. तीन शिल्लक आहेत, तुझ्यासाठी राखून ठेवतो.

"आमचं पान काढ," मी म्हटलं.

त्याने काढलं. उल्हासचं अक्षर, मीच वळण लावलेलं, डावीकडे कललेलं. सौ. कुमुद शिवलकर. भावाच्या घरी मुक्काम, रात्री दोन. पुन्हा सौ. कुमुद शिवलकर, रात्री तीन. दिवाळीत पाच. नाताळात पाच. सतरा वेळा आले होते मी वर्षभरात. एकूण रात्री एकावन्न. खोली: शिंपला. आणि सोबत कोण कोण? पती. दोन मुलं. दिवाळीत दोन मुलं, सासूबाई आणि दीर. नाताळात तर पाच मुलं.

रेशनच्या कार्डांवरची खोटी नावं मी तीस वर्षं शोधून काढली. मेलेले आजी-आजोबा, न जन्मलेली नातवंडं, एकाच पेनाने एका बैठकीत लिहिलेली नोंद, सगळं मला लांबून ओळखता यायचं. पण खोट्या नावांत स्वतःचं नाव बघायची वेळ कधी आली नव्हती. आणि ती मुलं. मला झाली नाहीत ती मुलं. त्यासाठी मी किती डॉक्टर केले आणि किती उपास केले ते उल्हासला माहीत होतं, आईने त्याच्यासमोर डोळ्यांतून पाणी काढलं होतं. त्याने बॉलपेनने दोन लिहून टाकली, आणि गर्दी जास्त असेल तेव्हा पाच.

"आणि ही बघा आगाऊ नोंद," बने उत्साहाने म्हणाला. "शुक्रवारपासून तीन रात्री. तुम्ही सहकुटुंब, आठ जण."

म्हणजे शुक्रवारी सकाळी मी जायचं होतं आणि संध्याकाळी मीच यायचं होतं, आठ जणांना घेऊन!

मग शेवटच्या रकान्यावर माझी नजर गेली. त्यात सतरा वेळा एकच शब्द लिहिला होता. तो वाचला आणि मी बनेला म्हटलं, "मिट ती वही."

"सह्या, ताई?"

"उद्या करते. अधिकारी बाईंच्या समोर. जास्त पक्कं होईल."

"वा! हे तर सोन्याहून पिवळं," म्हणून तो आनंदाने गेला.

उल्हास आला तेव्हा मी त्याच खुर्चीत होते. त्याच्या हातात बांगड्यांची पिशवी होती. बांगडे माझ्यासाठी नव्हते, शुक्रवारच्या 'माझ्यासाठी' होते.

"बने येऊन गेला," मी म्हटलं.

त्याचा चेहरा आधी उतरला, मग लगेच गोड झाला. हे त्याला लहानपणापासून जमतं.

"मी सांगणारच होतो तुला, ताई. अगं, सगळेच लिहितात. मी एकट्याने न लिहून गावाचं पाणी वाचणार आहे का?"

"मला फोनवर काय सांगितलंस?"

"तेव्हा घाईत होतो."

"घाईत माणूस एक खोटं बोलतो, उल्हास. तू हिशोबाने तीन रात्री राखून ठेवल्यास."

"हे बघ, चिडू नकोस. टाके आहेत." टाक्यांची आठवण त्याला बरी येत होती. "उद्या त्या बाईंसमोर एवढं म्हण, हो, मी येते अधूनमधून. एवढं एकच वाक्य. खोटी नोंद सापडली तर घरावर वर्षभर बंदी येते, ताई. ऐन मे महिना तोंडावर आहे. मेलो आम्ही. आणि तू राहा ना! कुणी नको म्हटलंय? जून लागला की ये. जून, जुलै, ऑगस्ट, पाहिजे तेवढी राहा."

जून, जुलै, ऑगस्ट! पावसात खारवेळच्या समुद्रावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही.

"आणि माझं पोट? त्याला सांगू का, जूनपर्यंत थांब म्हणून?"

"तू ना ताई, शब्दात पकडतेस."

मला त्याची एक जुनी गोष्ट आठवली. वडील गेल्यावर या घरावरचा माझा हक्क सोडल्याच्या कागदावर मी सही केली, तेव्हा हाच तालुक्याच्या कचेरीबाहेर रडला होता. 'कागद काहीही म्हणो ताई, माहेर तुझंच आहे.' मलाही रडू आलं होतं. दोघांनी मिळून उसाचा रस प्यायला होता. ते सांगून काही उपयोग नव्हता. मी उठून माझ्या पंपाच्या खोलीत गेले. आतून मला त्याचा आवाज ऐकू येत होता, शैलाला सांगत होता, "आज तिला सुरमई कर. शिंपला खोली उघड. नवी चादर घाल."

सुरमई मी खाल्ली. शिंपला खोलीत मात्र गेले नाही. तिथे वर्षभर माझी ती दुसरी राहून गेली होती.

गुरुवारी अकरा वाजता पंचायतीच्या कचेरीत अर्धं गाव जमलं होतं. लोकांना तपासणीची काळजी होती आणि मजाही बघायची होती, दोन्ही एकदम. ढवळेबाई म्हणून विस्तार अधिकारी, चाळिशीच्या, सुती साडी, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही. सरपंचांनी मला पहिल्या खुर्चीत बसवलं आणि गावाचा गणपती दाखवावा तसं मला दाखवलं.

"या आमच्या माहेरवाशीण. नेहमी येतात. विचारा तुम्ही."

उल्हास भिंतीला टेकून उभा होता. शैला दाराशी, बायकांमध्ये. तिला कशाला आणलं होतं कोण जाणे. बहुधा कुटुंब दिसावं म्हणून.

ढवळेबाईंनी आमचं पान उघडलं. "कुमुद शिवलकर. वर्षात सतरा वेळा. डोंबिवलीहून?"

"वहीत तसं आहे," मी म्हटलं.

"यजमान काय करतात?"

"काही नाही. नऊ वर्षांपूर्वी वारले."

कचेरीत कुणीतरी खोकलं. बाईंनी मान वर केली, मग पुन्हा वहीत घातली.

"मुलं किती?"

"झाली नाहीत."

"इथे दोन लिहिलीत. एके ठिकाणी पाच आहेत."

"ती माझ्या भावाने दिलीत मला. त्यालाच विचारा नावं काय ठेवली ते."

दाराशी एक बाई फिस्सकन हसली. सरपंच घाम पुसायला लागले. बनेने वर पंख्याकडे बघायला सुरुवात केली. उल्हास दातओठ खाऊन पुटपुटला, "ताई."

ढवळेबाईंनी उजव्या कडेच्या रकान्यावर बोट ठेवलं. "आणि हे काय आहे? ओटी?"

बनेला बोलावं लागलं. "ते बाई… म्हाताऱ्यांचं म्हणणं पडलं, माहेरवाशीण खरी की खोटी हे ओळखायचं कसं? तर निघताना तिची ओटी भरतात. म्हणून रकाना. ओटी भरली की नाही."

"इथे सतरा वेळा 'होय' लिहिलंय," ढवळेबाई म्हणाल्या आणि माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघून थांबल्या. त्यांना कळलं. तिथल्या प्रत्येक बाईला कळलं. आदल्या दिवशी वही वाचताना मला कळलं होतं तेच.

या बंगल्याची वास्तुशांत झाली, तेव्हा आमचे हे जाऊन वर्ष झालं होतं. घर भरून बायका होत्या. शैला एकेकीची ओटी भरत भरत माझ्यापाशी आली, नारळ पुढे केला, आणि मागून उल्हास सगळ्यांसमोर ओरडला, "ताईची नाही! शैला, ताईची नाही!" तिचा हात तसाच मागे गेला. तो नारळ माझ्या शेजारच्या बाईच्या पदरात पडला. मी हसून म्हटलं होतं, "असू दे गं." रात्रभर मी हुंदके गिळत पडले होते. आणि त्याच माणसाने वर्षभरात सतरा वेळा माझ्या नावापुढे लिहिलं होतं, होय, होय, होय. विधवा बहीण ओटीला चालत नाही, हे त्याला माणसांत आठवलं होतं. वहीत लिहिताना ती विधवा आहे हेच त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. मुलांचं मी सोसलं असतं. याचा मला असा संताप आला की पोटातले टाके ताणले गेले.

"म्हणजे तुम्ही इथे राहिलाच नाहीत?" ढवळेबाईंनी सरळ विचारलं.

एक 'राहिले' म्हटलं असतं तर उल्हासने मला डोक्यावर घेतलं असतं. शुक्रवारपर्यंत.

"नाही," मी म्हटलं. "पाच वर्षांत एकदाही नाही. या मंगळवारी आले. दोन रात्री झाल्या, पंपाच्या खोलीत. डॉक्टरांनी बेचाळीस दिवस सांगितलेत, म्हणजे चाळीस रात्री अजून राहायचंय मला. भाऊ म्हणतो नियमात बसत नाही. तुम्ही नियमाच्या माणूस, तुम्हीच सांगा."

"माहेरवाशिणीला मर्यादा नाही, स्पष्ट लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पण भावाने ठेवून घ्यावं असं काही लिहिलेलं नाही. तो नियम कुणी करत नाही." मग लाल पेन काढून त्यांनी आमच्या पानावर आडवी रेघ मारली. "खोट्या नोंदी. या घराला आजपासून एक वर्ष पर्यटक ठेवता येणार नाहीत."

"मग खोल्या रिकाम्याच राहणार," मी म्हटलं.

"राहतील की," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच जराशा हसल्या. "आता पुढचं पान. बंडूशेट. नऊ माहेरवाशिणी."

त्या दिवशी वहीत अकरा रेघा पडल्या. संध्याकाळी आमच्या फाटकाशी लोक येऊन मला ऐकवून गेले. गावाच्या पोटावर पाय दिला म्हणाले, शहरातल्या बाया अशाच म्हणाले, भावाचं वाईट करून हिला काय मिळालं म्हणाले. ज्यांनी सरदारजीला माहेरवाशीण करून टाकलं त्यांनी मला नात्याची किंमत शिकवली. मी ओसरीवर बसून चहा पीत सगळं ऐकलं. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

उल्हास माझ्याशी बोलायचा बंद झाला. मी माझी पिशवी शैलाच्या हाती देऊन शिंपला खोलीत गेले. त्याने अडवलं नाही. अडवून करणार काय होता? समुद्र समोर, वारा खारा, टाके मस्त सुकले.

शैला रोज दुपारी पेजेचं ताट घेऊन यायची, आणि ताट ठेवून लगेच वळायची. पाचव्या-सहाव्या दिवशी मी म्हटलं, "बस गं दोन मिनिटं."

ती खिडकीतल्या बाकावर बसली. बराच वेळ बाहेर बघत राहिली.

"इथून खाडीचं तोंड दिसतं, मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली.

"घर तुझंच ना?"

"या खोलीत मी झाडायला येते नाहीतर चादरी बदलायला. बसले कधीच नव्हते."

मग ती रोज बसायला लागली. एकदा न विचारताच म्हणाली, "मी माहेरी जाऊन चार वर्षं झाली, वन्सं. सुट्टी लागली की पर्यटक. पर्यटक नसले की साफसफाई. आई फोनवर म्हणते, येतेस की नाही? मी म्हणते, येते." थोड्या वेळाने म्हणाली, "तुमचं नाव त्या वहीत लिहायचे ना, तेव्हा माझ्या मनात यायचं, या तरी माहेरी जातायत, वहीत का होईना." आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की मला पोट धरावं लागलं. बाहेर उल्हास बादल्या आपटत होता.

बनेला रोज संध्याकाळी यावं लागायचं. ढवळेबाईंचा हुकूम होता, खऱ्या माहेरवाशिणीची रोजची सही घ्यायची. बेचाळीस दिवसांत गावातल्या वहीत दुसरी एकही माहेरवाशीण आली नाही. लेकींवरचं प्रेम एकदम आटलं.

निघायच्या दिवशी रिक्षा फाटकात येऊन उभी होती. उल्हास फाटकाला हात लावून उभा, नजर रस्त्यावर. कचेरीतल्या त्या दिवसापासून तो माझ्याशी चार शब्द बोलला नव्हता, आणि मला माहीत होतं की आता बोलणारही नाही. मी जिंकले वगैरे काही नव्हते. मला माझे दिवस मिळाले, आणि भाऊ त्याच दिवसांत गेला. लहानपणी खांद्यावर घेऊन ज्याला जत्रा दाखवली तो माणूस माझ्याकडे पाठ करून उभा होता.

बनेने स्कूटरच्या सीटवर वही उघडली. मी शेवटची सही केली. त्याने पेन उजव्या रकान्यावर नेलं आणि घुटमळला.

"ताई, हा रकाना… नाही लिहू ना?"

"लिही, नाही," मी म्हटलं.

"थांबा," दारातून आवाज आला.

शैला बाहेर आली. तिच्या हातात ताट होतं. ताटात तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी आणि सोललेला नारळ. ती अंगणातून सरळ माझ्यापाशी आली.

उल्हास वळला. त्याचा आवाज तोच, वास्तुशांतीतला. "शैला! ताईची नाही!"

या वेळी तिचा हात मागे गेला नाही. तिने नवऱ्याकडे वळून बघितलं आणि शांतपणे, आम्हा तिघांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सतरा वेळा तुम्ही भरलीत. अठरावी मी भरते."

बनेने मान खाली घालून रकान्यात 'होय' लिहिलं.

मी पदर पुढे केला. तिने ओंजळीने तांदूळ घातले, खण ठेवला, वर नारळ ठेवला. नारळ चांगला मोठा होता, पाण्याने भरलेला, जड. डॉक्टरांनी वजन उचलू नको म्हणून बजावलं होतं, पण बेचाळीस दिवस पुरे झाले होते. मी तो पदरात घेतला आणि स्टेशन येईपर्यंत खाली ठेवला नाही.